फॉईल, वेताची काठी आणि रबरी चाकू

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणाऱ्या, तिशीच्या आतल्या एकाने दोन दिवसांच्या शिबिराची जाहिरात पाहिली. फेन्सिंग आणि फिलिपिनो मार्शल आर्ट यांचा मेळ घातलेली 'चाकू-लढत व स्वसंरक्षण' पद्धत तिथे शिकवणार आहेत. कोयत्याच्या बातम्या वाचून घरचे धास्तावलेत. हा मेळ खरा आहे की बाजारू खिचडी? आणि शिकून जीव वाचतो का?

मेळ खरा आहे. दोन दिवसांचा दावा खोटा आहे. जीव वाचण्याबद्दल शेवटी बोलतो, कारण त्या बाबतीत माझं जाहिरातवाल्यांशी जमत नाही.

मी शाळा-कॉलेजात सात वर्षं फेन्सिंग म्हणजे तलवारबाजीचा खेळ केला, तोही फॉईल या हलक्या तलवारीचा. मग नोकरीनिमित्त अबू धाबीला गेलो आणि तिथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात एक फिलिपिनो फिटर भेटले. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना मानोंग म्हणायचो, म्हणजे आपल्याकडचं दादा. शुक्रवारी सकाळी उन्हं चढायच्या आत त्यांच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये पाच-सहा जण वेताच्या काठ्या घेऊन जमायचे. अकरा वर्षं मी तिथे जात राहिलो.

पहिल्या दिवशीची फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. जिल्हा पातळीवर पदक मिळवलेला गडी म्हणून मी ऐटीत उभा राहिलो. अंतर मोजलं, हूल दिली, लंज मारला (पुढचा पाय लांब टाकून झेप घेतली) आणि काठीचं टोक मानोंगच्या छातीला लावलं. फेन्सिंगमध्ये तो माझा गुण होता. इथे मी खाली पाहिलं तर माझ्या मनगटावर दोन लाल वळ उठलेले. टोक लागायच्या आधीच त्यांनी पुढे आलेल्या हातावर दोनदा मारलं होतं. ते हसून म्हणाले, "तुझा चाकू केव्हाच खाली पडलाय."

फॉईलमध्ये लक्ष्य फक्त धड. हाताला लागलेला वार मोजतच नाहीत, म्हणून फॉईलवाला हात बिनधास्त पुढे करतो. सात वर्षांत माझ्या हाताला भीती कधी शिकवलीच गेली नव्हती. एपी या फेन्सिंगच्या दुसऱ्या तलवारीवाल्याचं असं होत नाही. एपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर लक्ष्य, कोणाचा हल्ला आधी सुरू झाला याचा हिशेब नाही, आणि एक पंचविसांश सेकंदाच्या आत दोघांचं टोक लागलं तर दोघांनाही गुण. त्यामुळे एपीवाला समोरच्याच्या मनगटावर टपून बसलेला असतो. चाकूच्या सगळ्यांत जवळचं फेन्सिंग कोणतं असं विचाराल तर मी एपीचं नाव घेईन. एकच दुरुस्ती करून: एपीत दोघांना लागलं की दोघांना गुण मिळतो, चाकूत दोघंही इस्पितळात जातात.

फिलिपिनो पद्धतीत याला नागाचे दात पाडणं म्हणतात. नागाला मारायला जाऊ नका, ज्या हातात धार आहे तो हात निकामी करा. हा विचार जुना आहे. २७ एप्रिल १५२१ रोजी सेबूजवळच्या माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तिथल्या लापुलापू या सरदाराच्या माणसांनी स्पेनसाठी निघालेल्या मॅगेलन या दर्यावर्दीला मारलं, त्याचं वर्णन त्याच्या सोबत असलेल्या पिगाफेट्टाने लिहून ठेवलंय. मॅगेलनने तलवार उपसायचा प्रयत्न केला, पण ती अर्धीच बाहेर आली, कारण दंडात बांबूचा भाला आधीच लागला होता. मग पायावर मोठ्या वाकड्या पात्याचा वार झाला आणि तो पालथा पडला. आधी हात, मग पाय, मग माणूस. मानोंग हा प्रसंग असा सांगायचे की जणू लापुलापू त्यांच्याच गल्लीतला.

आता मेळाविषयी. मानोंगच्या या काठी-चाकूच्या कलेचं एक नाव 'एस्क्रिमा'. हा शब्द म्हणजे स्पॅनिश 'एस्ग्रिमा', आणि एस्ग्रिमाचा अर्थच फेन्सिंग. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची तिथे सत्ता होती, तिची खूण कलेच्या बोलीत राहिली आहे. मानोंग घरी सेबुआनो बोलायचे, पण काठी हातात घेतली की भाषा बदलायची. लांबचं अंतर लार्गो, मधलं मेदिओ, जवळचं कोर्तो. वार मोजायचे ते उनो, दोस, त्रेस असे. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात खंजीर घेऊन लढण्याला एस्पादा इ दागा. हा शेवटचा प्रकार युरोपात सोळाव्या शतकात घराघरांत होता, पुढे तिथून गेला आणि सेबूच्या वस्त्यांमध्ये टिकून राहिला. म्हणजे तुमच्या जाहिरातीतला 'नवा मेळ' निदान काही अंशी चारशे वर्षांचा आहे. स्थानिक लोकांकडे आधीपासून स्वतःची शस्त्रविद्या होती, माक्तानने ते सिद्ध केलंच, त्यामुळे स्पॅनिशांनी सगळं शिकवलं म्हणणारेही चूक आणि स्पॅनिशांकडून काहीच घेतलं नाही म्हणणारेही चूक. सेबूत १९३२ मध्ये दोसे पारेस ही संस्था निघाली, १९५२ मध्ये आन्सिओंग बाकोन यांच्या भोवती बालिन्तावाक हा दुसरा गट जमला, आणि २००९ मध्ये फिलिपिन्सच्या सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं. आर्निस, एस्क्रिमा, काली ही प्रदेशानुसार आणि घराण्यानुसार बदलणारी नावं. त्यावरून वाद घालणारे लोक सहसा काठी कमी फिरवतात.

दुसरा मेळ अमेरिकेत झाला आणि आज जगभर 'फेन्सिंग अधिक काली' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक याच झऱ्याचं पाणी. ब्रूस लीचा थोरला भाऊ पीटर फेन्सर होता. लीने फेन्सिंगची पुस्तकं बारकाईने वाचली आणि त्यातून दोन गोष्टी उचलल्या: ताकदीचा हात पुढे ठेवणं, आणि समोरच्याचा हल्ला सुरू होताना मधेच त्याला गाठणं, ज्याला फेन्सर स्टॉप-हिट म्हणतात. त्याने काढलेल्या जीत कुन डो या पद्धतीच्या नावाचा अर्थच 'अडवणाऱ्या मुठीची वाट'. त्याचा सहकारी डॅन इनोसान्तो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा. त्या गावी शेतमजूर म्हणून आलेल्या फिलिपिनो मंडळींची मोठी वस्ती होती आणि त्यांच्यात एस्क्रिमा जाणणारे जुने लोक होते. इनोसान्तोने त्यांच्याकडून शिकून दोन्ही बाजू एका छपराखाली आणल्या.

अमेरिकी मरीन सैनिकांना तलवारबाजीच्या धर्तीवर चाकू शिकवण्याचा प्रयोग त्याही आधीचा. ड्रेक्सेल बिडल यांनी १९३७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. चित्रांत दोघंही सुरेख पवित्र्यात, दोघांच्याही हातात चाकू, भरपूर उजेड, मोकळं मैदान. असं द्वंद्व तुमच्यावर येणार नाही, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

मग फेन्सिंगमधून नेमकं घ्यायचं काय? पाय आणि डोळा. फेन्सरला अंतर कळतं तसं दुसऱ्या कुणाला कळत नाही. समोरचा अजून एक पाऊल लांब आहे की अर्धं, हे त्याला विचार न करता समजतं, कारण पिस्टवर, म्हणजे फेन्सिंगच्या लांबट पट्टीवर, त्याने हेच हजारो वेळा चुकून चुकून पाठ केलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ: समोरचा श्वास घेतो, वजन बदलतो, हात मागे नेतो, त्या क्षणी तो बांधलेला असतो. तिसरी, मागे हटणं. फेन्सिंग क्लबात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मागचं पाऊल, गुडघे वाकलेले, पाय एकमेकांत न अडकवता टाकायचं, हे मला पुढे आयुष्यात सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं.

टाकून काय द्यायचं? लंज. फॉईलचं पातं नव्वद सेंटिमीटर, चाकूचं वीतभरही नसतं. नव्वद सेंटिमीटरवर लंज म्हणजे सुरक्षित अंतरावरून मारलेली झेप. वीतभर पात्यावर तोच लंज म्हणजे आपलं अख्खं शरीर समोरच्याच्या कुशीत नेऊन ठेवणं, आणि तेही पाय लांब पसरून, जिथून परत यायला वेळ लागतो. तसंच ती सरळ रेघ. पिस्ट चौदा मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद, त्यामुळे फेन्सर आगगाडीसारखा रुळावरून मागे-पुढे जातो. रस्त्यावर रूळ नाहीत. एस्क्रिमात पाय त्रिकोणात टाकायला शिकवतात, म्हणजे वाराच्या रेघेतून तिरकं बाहेर पडायचं. आणि फेन्सरचा रिकामा हात पाठीमागे लोंबत असतो, तो इथे निम्मं काम करतो. फिलिपिनो शिक्षक त्याला जिवंत हात म्हणतात. थोपवणं, ढकलणं, मनगट पकडणं, दाबून ठेवणं हे सगळं त्याचं.

खरी गोम दोन पद्धतींच्या सांध्यात आहे, आणि जाहिरातवाले नेमकं तेच सांगत नाहीत. लांबून फेन्सरसारखं आडवं उभं राहिलेलं चांगलं, लक्ष्य कमी दिसतं, पाय पळते राहतात. हाताच्या टप्प्यात शिरलात की छाती समोर वळवावी लागते, नाहीतर दुसरा हात पोचतच नाही. एका पवित्र्यातून दुसऱ्यात जाण्याचा हा उंबरठा साधारण अर्ध्या पावलाचा आहे. मला तो ओलांडायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी लांबही धड नव्हतो आणि जवळही. दोन्ही परंपरा वेगवेगळ्या शिकलेला माणूस त्या अर्ध्या पावलात हमखास गोठतो, आणि शिबिरात दोन दिवस शिकलेल्याला तर उंबरठा कुठे आहे हेही कळत नाही.

फिलिपिनो बाजूचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मानोंगची भक्ती केल्यासारखं होईल. हुबुद, सुंब्रादा असे जोडीने करायचे सराव असतात. एकाने वार करायचा, दुसऱ्याने अडवून परतवायचा, लय पकडायची. फार गोड लागतात. तासभर केले की वाटतं आपण आता कुणालाही आवरू. पण ते पाढे आहेत, गणित नव्हे. जोडीदार एक वार करून हात हवेत ठेवून उभा राहतो आणि तुम्ही त्या हातावर सहा सुंदर गोष्टी करता. खरा माणूस हात मागे ओढतो आणि पुन्हा खुपसतो. जो गुरू पाढ्यांच्या पुढे नेत नाही त्याच्याकडे वर्षानुवर्षं जाऊन माणूस फक्त छान नाचायला शिकतो.

यावर आमच्या पार्किंगमध्ये एक उपाय होता. जुना पांढरा शर्ट, डोळ्यांवर फेन्सिंगचा मास्क, हातात रबरी चाकू, आणि चाकूच्या धारेला ओलं कुंकू. कुंकू ही माझी भर, आधी ते लिपस्टिक वापरायचे आणि त्यांच्या बायका वैतागायच्या. दोन मिनिटं मोकळं लढायचं आणि मग शर्ट बघायचा. माझ्या पहिल्या शर्टावर एकोणीस खुणा होत्या. समोरचा आमच्यात सगळ्यांत तरबेज, त्याच्याही शर्टावर सात. सात म्हणजे जिंकला का? त्यातली एक गळ्याजवळ होती. अकरा वर्षांत कोरा शर्ट घेऊन कुणी बाहेर आलं नाही, मानोंगसुद्धा.

इथे कोल्हापूरकर आणि तालमीतले वाचक म्हणतील, हे सगळं आपल्या मर्दानी खेळात आहे. काही अंशी आहे. फरी-गदगा म्हणजे पात्याऐवजी काठीने धारदार शस्त्राचा सराव, तोच विचार वेताच्या काठीमागे आहे. पवित्रा हा शब्द मी वर वापरला तोही तिकडचाच. दांडपट्टा फिरवलेला एक मुलगा पुढे माझ्याकडे आला तेव्हा त्याचे पाय मला शिकवावे लागले नाहीत, पण मनगट शिकवायला सहा महिने गेले. पट्ट्याच्या लोखंडी मुठीत मनगट जखडलेलं असतं, वार खांद्यातून येतो. एस्क्रिमाचं अर्धं कौशल्य मनगटात. 'हे आपल्याकडूनच तिकडे गेलं' असं कुणी म्हणालं तर मात्र मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

कोयत्याबद्दल. एकदा सुट्टीवरून जाताना ऊसतोडीच्या कोयत्याचा फोटो मानोंगना दाखवला. त्यांनी लगेच ओळखला. "सुंदांग!" त्यांच्याकडच्या शेतात ऊस आणि नारळ तोडायला असंच पातं असतं, जगाला ते बोलो नावाने माहीत आहे. एस्क्रिमा मुळात या अवजाराभोवती वाढली, त्यामुळे कोयत्याच्या बाबतीत फेन्सिंगपेक्षा तिचं म्हणणं जास्त ऐकण्यासारखं. बहुतेक घराण्यांत पहिला वार तिरका, वरच्या उजवीकडून खाली येणारा. कोयता घेतलेला अननुभवी माणूस नेमका हाच करतो. वार मोठा असतो, दिसतो, आणि चुकला तर मारणारा क्षणभर कलंडतो. तो क्षण पळण्यासाठी आहे. मधे शिरून हात पकडण्याचे व्हिडिओ पाहून ते करायला जाऊ नका, कारण कोयतेवाले सहसा एकटे नसतात.

चाकूचं मात्र उलट. चाकू दिसत नाही. एका हाताने कॉलर किंवा दंड धरला जातो आणि दुसऱ्या हाताने खालून, जवळून, पटापट वार होतात. कित्येक जखमींना आधी वाटतं की बुक्के बसले, रक्त पाहिल्यावर कळतं. म्हणून मी कुंकवाच्या लढतीनंतर दुसरा खेळ घेतो: एकाच्या हातात काहीच नाही, दुसऱ्याच्या खिशात रबरी चाकू आहे किंवा नाही, आणि दोघं पत्ता विचारल्यासारखं बोलत उभे. यात फेन्सिंगचा पवित्रा घ्यायला वेळच मिळत नाही. वाचतात ते ज्यांनी आधीपासून एक हात अंतर ठेवलं आणि बोलताना दोन्ही हात छातीसमोर ठेवले. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं की साधारण एकवीस फुटांवरचा माणूस दीड सेकंदात अंगावर येतो. ते पिस्तुलधारी पोलिसांसाठी होतं. रिकाम्या हातांनी तुम्ही दोन फुटांवर उभे असाल तर तुमच्याकडे किती वेळ आहे ते बघा.

माझ्यावर एकदाच प्रसंग आला, इकडे परतल्यावर, रात्री साडेअकराला, गाडी लावताना. मुलगा विशीचा असेल, हात थरथरत होता, मोबाईल मागितला. मी तीन पावलं मागे गेलो, स्कूटर मधे घेतली, मोबाईल सीटवर ठेवला आणि मोठ्याने ओरडत सोसायटीच्या फाटकाकडे पळालो. मोबाईल गेला. मानोंगना फोनवर सांगितलं तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, मागे जाताना पाय अडकले का? नाही म्हटल्यावर खूश झाले.

कायद्याचंही ऐकून ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करण्यापर्यंत तो हक्क जात नाही. समोरचा पळू लागला आणि तुम्ही मागून गाठून मारलं तर आरोपी तुम्ही. 'शिकलोय म्हणून खिशात चाकू ठेवतो' हा विचारही सोडा. पोलीस वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात, त्यांत सुरे आणि काठ्यासुद्धा येतात, आणि चाकू काढलात की समोरच्याला पळून जायचं कारण उरत नाही. चाकूची कला मी शिकवतो ती धार काय करते हे अंगाला कळावं म्हणून. ज्याच्या शर्टावर एकोणीस खुणा पडल्या तो पाकिटासाठी भांडत नाही.

ज्यांना खरंच हा मेळ शिकायचाय त्यांनी आधी जवळच्या फेन्सिंग क्लबात सहा महिने एपी करावं. तलवारबाज भवानीदेवी टोकियो ऑलिंपिकला गेल्यापासून क्लब शोधणं पूर्वीइतकं अवघड नाही, आणि तिथली फी शिबिरांपेक्षा बहुधा कमीच असते. सोबत एखादा एस्क्रिमा किंवा आर्निसचा गट मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर एखादी तालीम बघा, काठी हातात येणं महत्त्वाचं. आणि प्रथमोपचाराचा वर्ग करा. जखमेवर जोरात दाब कसा द्यायचा, हातापायातून धो धो रक्त जात असेल तर टूर्निके (रक्त थांबवायचा आवळपट्टा) कुठे आणि किती घट्ट बांधायचा, हे तासाभरात शिकता येतं. ११२ आणि १०८ फोनमध्ये वर ठेवा.

शिबिराला जायचंच असेल तर जा, दोन दिवसांत घाम निघेल आणि चार माणसं भेटतील. फक्त आयोजकांना आधी फोन करून विचारा की मास्क घालून मोकळी लढत होते का, आणि त्यात शिक्षक स्वतः उतरतात का. उतरत असतील तर जुना पांढरा शर्ट घेऊन जा आणि पहिली लढत त्यांच्याशीच मागा. लढत संपल्यावर त्यांच्या शर्टावरच्या खुणा मोजा. ते स्वतः मोजून दाखवत असतील तर तिसऱ्या दिवशीही त्यांच्याकडे जा.